ज्वारीमुखी

शहागड,
११ मार्च २००१

चि. रजनी,

आशीर्वाद नंतर देते, आधी भांडून घेते. दिवाळीला तू आल्तीस तेव्हा ओसरीत बसून आमच्या गजाननाला काय सांगून गेलीस? आपल्याकडचा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला रस, हेच ना? तू सांगितलंस अन् गेलीस इटलीला निघून. इथं तुझ्या त्या एका वाक्यानं माझ्या लेकाची सोयरीक मोडायला आली.

झालं असं. परतूरचे भुजंगराव गेल्या आठवड्यात आमचं घर पाहायला आल्ते. त्यांची नंदा गजाननाला पसंत, तिला हा पसंत, पत्रिका बराबर जुळली. फक्त सुपारी फोडायची राह्यली व्हती. पोहे झाले, चहा आला, अन् आमच्या शहाण्याला व्हणाऱ्या सासऱ्यापुढं हुशारी दाखवायची हुक्की आली. सांगू लागला की आपण समदे ज्वालामुखीच्या दगडावर बसलोत. त्याच घडीला जमिनीखालून धप्प झालं अन् मागून घूंऽऽ असा आवाज आला. भुजंगरावांच्या हातातला कप बशीत वाजला.

आम्हाला त्या आवाजाची सवय हाये, वर्षभरापासून चालू हाये तो. पण तो माणूस पांढरा पडला. जानेवारीत गुजरातचा भूकंप झाला, त्याचे फोटो पेपरात पाह्यलेले. उभ्या उभ्याच चहा संपवला अन् कळवतो म्हणून गेले. मंग मध्यस्थ तातेरावाच्या हाती निरोप आला, की पोरीला जाणूनबुजून आगीत लोटायची का?

गजानन धड जेवत न्हाई, माझ्याशी बोलत न्हाई. जसं काय मीच जमिनीत बसून गुरगुरती. तू भूकंपाचंच शिकून राह्यली ना? मंग जल्दी लिही, आमच्या घराखाली काय हाये ते. तुझे मामा बरे हायेत, म्हणजे जेवतात अन् गप बसतात.

तुझी
झुंबर आत्या

इटली,
२९ मार्च २००१

ती. आत्या,

भांडण पोचलं. आशीर्वाद पाकिटात सापडले नाहीत, पुढच्या टपालानं पाठव.

भुजंगरावांना माझ्या नावानं सांग की आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि केव्हाचा थंड पडलाय. शहागडाखाली ज्वालामुखी नाही. जालन्यात नाही, भोकरदनला नाही आणि परतूरलाही नाही. तोच काळा दगड त्यांच्याही घराखाली आहे, हे मात्र आत्ताच सांगू नकोस.

इथला डोंगर जिवंत आहे. वरून धूर निघतो आणि लोक खाली द्राक्षं पिकवतात. माझं काम असं, की डोंगराच्या अंगावर यंत्रं पुरलेली आहेत, ती बारीकसारीक हादरे टिपतात. हादरा होतो खोल आत, आणि आम्ही वर बसून ठरवायचं की आत काय झालं असेल. दगडावर दगड घसरला, की भेग फाकून तिच्यात वायू घुसला? आत जाऊन कुणी बघितलेलं नाही. म्हणून संगणकात डोंगराची नक्कल करायची, तिला आम्ही मॉडेल म्हणतो, आणि तिच्यावरून उलटा हिशेब करत खाली जायचं.

माझं उत्तर दरवेळी एकच येतंय. भेग फाकली, वायू घुसला. इतकं स्वच्छ उत्तर आमच्या सरांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही, ते फार खूश आहेत. उन्हाळ्यात लेख छापायला जाईल आणि त्यावरच माझी पीएचडी होईल. डिसेंबरमध्ये सुट्टी घेऊन गजाननाच्या लग्नात नाचायला येते.

आता तुझ्या आवाजाचं नीट लिही. कधी येतो, कुठून येतो, कुणाकुणाला ऐकू येतो?

तुझी
रजनी

शहागड,
२० एप्रिल २००१

चि. रजनी,

तुझं पत्र घेऊन तातेराव परतूरला जाऊन आला. साडेसहा कोटी ऐकून भुजंगराव काय म्हणले ठाव हाये? म्हणले, इतकी वर्षं गप हाये म्हणजे आता त्याची पाळी जवळच आली असंल. घे. आता तू पुन्हा काही शिकवायला जाऊ नको.

आवाज कुठून येतो म्हणून विचारतीस. मला पक्कं ठाव हाये कुठून येतो. तुळजाबाईकडून.

तुळजाबाई माझी थोरली जाऊ, तुला आठवत असंल. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. ती भिंत आमच्याकडं एक वीत सरकली असं मी म्हणलं, अन् तिच्याकडं सरकली असं ती म्हणली. तवापासून आमचं बोलणं बंद. अन् हा आवाज बरोबर त्या भिंतीकडूनच येतो, मी कान लावून पाह्यलाय. बाई उखळात मुसळ घालून कुटत बसती, मला तरास व्हावा म्हणून. अगं, मिरच्या कुटायला वर्षभर लागतात का? एकदा ती शेतात गेलेली मी डोळ्यानं पाह्यली, तरी आवाज चालूच. मंग समजले, सुनेला बसवून गेली असंल. पाहुणे आले तवा तर मुद्दाम जोरात कुटलं.

न्हाईतर आम्ही शहागडची माणसं. सडकेवर रात्रंदिवस ट्रक पळतात, आम्हाला कुठल्या आवाजाचं काय वाटतंय? पण हा आवाज येगळा हाये. यात खोड हाये.

पण हे भुजंगरावांना कसं सांगू? घराखाली ज्वालामुखी न्हाई, भिंतीपलीकडं जाऊ हाये, म्हणलं तर पोरगी द्यायची त्यांची उरलीसुरली हिंमतही जाईल. म्हणून तू असं कर, तुमच्या हापिसातून एक सर्टिफिकेट पाठव की झुंबरबाईच्या घराखाली काही न्हाई. शिक्का गोल पाहिजे.

झुंबर आत्या

इटली,
१४ मे २००१

ती. आत्या,

गोल शिक्का आमच्याकडे एकच आहे आणि तो वाचनालयाच्या पुस्तकांवर मारायचा आहे. सर्टिफिकेट राहू दे. माझंच काय झालं ते ऐक.

तुझं पत्र मी कामाच्या टेबलावर वाचलं आणि एकटीच मोठमोठ्यानं हसत सुटले. तुळजामामी शेतात गेली तरी आवाज तिचाच, कारण सुनेला बसवून गेली! आजूबाजूच्यांना वाटलं मला काही झालं. मग संगणकाकडे पाहिलं, तिथे माझी भेग होती. एकविसाव्या हादऱ्यालाही भेग, बाविसाव्यालाही भेग. आणि हसू थांबलं.

त्या आठवड्यात मी एक खोटा हादरा बनवला. अगदी साधा, दगडावर दगड घसरल्याचा. भेग नाही, वायू नाही, कारण बनवणारी मीच. डोंगरावर वर खरोखर असतो तसा राखेचा आणि भुसभुशीत मुरमाचा जाड थर ठेवला, आणि हादरा त्यातून वर येऊ दिला. मग माझ्या नेहमीच्या मॉडेलला विचारलं, सांग बाबा, आत काय झालं? माझं मॉडेल सगळा डोंगर एकसारखा घट्ट दगड आहे असं धरून चालतं, कारण हिशेब सोपा पडतो. त्यानं उत्तर दिलं, भेग फाकली. दुसरा बनवून दिला, तरी भेग. वरच्या भुसभुशीत थरानं हादरा वाकवला, लांबवला, घुमवला. मॉडेलला तो थर माहीतच नाही, म्हणून सगळा दोष त्यानं खाली नेऊन भेगेच्या माथी मारला.

आत्या, माझी भेग म्हणजे तुझी तुळजामामी आहे. काहीही विचारा, नाव तिचंच.

सरांना अजून सांगितलेलं नाही. लेख तयार आहे. मला भीती वाटतेय.

पण तू एक कर. मी केलं तेच कर. डोळे बांधून ओसरीत बस. मामांना घण घेऊन पाठव, ते तुला न सांगता कुठेतरी आदळतील. आवाज कुठून आला ते तू सांगायचं. बघू तुझं मॉडेल काय म्हणतंय.

तुझी
रजनी

शहागड,
१० जून २००१

चि. रजनी,

तुझ्या नादी लागून गावात माझं हसं झालं. आता बैजवार ऐक.

गजाननानं माझे डोळे बांधले. तुझे मामा घण घेऊन निघाले. गल्लीतल्या बाया, पोरं, समदे गोळा झाले. धप्प झालं, मी म्हणलं भिंतीकडून, तुळजाबाई. पुन्हा झालं, म्हणलं तुळजाबाईच. तिसऱ्या वेळी पोरं खिदळायला लागली. मी म्हणलं, हसता काय, शपथ घेऊन सांगते, हे तिचंच मुसळ हाये. मंग तर समदी गल्लीच हसली. मी फडकं सोडलं, तर तुळजाबाई माझ्यासमोर लोकांत उभी राहून माझी मजा पाहून राह्यलती. तुझ्या मामांनी एकदा गोठ्यामागं आदळलं व्हतं, एकदा लिंबाखाली, अन् एकदा तर पार वेशीपाशी.

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आत येऊन बसले. तुझे मामा हात धुऊन भाकरीवर बसले अन् म्हणले,

"तिथं आपलं पेव व्हतं ना, भिंतीखाली."

मी म्हणलं, इतकी वर्षं का न्हाई बोललात? तर म्हणले, तू कधी विचारलंस? काय करावं सांग या माणसाला.

पेव तू पाह्यलं नसशील. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या मातीत माणूस उभा राहील इतकं खोल, मडक्यासारखं खणायचं, ज्वारी भरायची अन् तोंड बुजवून टाकायचं. सासऱ्यांच्या काळातलं हे, माझ्या लग्नाआधीच रिकामं झालेलं. वाटणीची भिंत घालताना ती नेमकी त्याच्यावर आली. आता कुठंही काही आदळलं की ते रिकामं मडकं घुमतं, अन् आम्हाला वाटतं तिथंच काही झालं.

पण मंग आदळतंय काय? ते गजाननानं काढलं. गेल्या वर्षी सडकेवर गतिरोधक केला. हा गच्चीवर उभा राह्यला, भरलेला ट्रक त्याच्यावरून आदळला की रुमाल हलवायचा. मी खाली बसून ऐकायची. रुमाल अन् घूंऽऽ, रुमाल अन् घूंऽऽ, बिलकुल चूक न्हाई. ट्रक रोज आदळत व्हते गं, पण ट्रकचा आवाज आम्हाला ऐकूच येत न्हाई. जन्म त्यातच गेला.

आता पुढचं अवघड. पेव उकरून डोळ्यानं दाखवल्याबिगर भुजंगराव मानायचे न्हाईत. त्यांनी नंदासाठी दुसरं स्थळ पाहायला सुरुवात केलीय, तातेराव सांगत व्हता. गजाननाचं तोंड पाहवत न्हाई. अन् पेव उकरायचं तर भिंत पाडावी लागती, भिंत अर्धी तुळजाबाईची. तिच्या दारात जाऊन मी काय बोलू? माझी जीभ उचलायची न्हाई.

तू तुझ्या सरांना सांगितलंस का? आधी तू सांग. मंग मी जाते.

झुंबर आत्या

इटली,
३ जुलै २००१

ती. आत्या,

सांगितलं.

दारापाशी जाऊन दोनदा परत आले होते. तिसऱ्यांदा आत गेले आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. सरांनी उठून खिडकी उघडली, डोंगराकडे बघत राहिले. मग विचारलं, खोटा हादरा बनवून बघायचं तुला सुचवलं कुणी? मी म्हटलं, माझ्या आत्यानं आणि तिच्या जावेनं. जाऊ या शब्दाला त्यांच्या भाषेत एवढा जोर नाही, मला बराच वेळ समजावून सांगावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "तुझी भेग मलाही आवडली होती, म्हणून मीही तिला कधी प्रश्न विचारला नाही."

लेख थांबवला. आता मॉडेलमध्ये वरचे थर घालून पुन्हा सगळं करायचं. पहिल्याच फेरीत निम्म्या हादऱ्यांमधून भेग नाहीशी झाली. उरलेल्यांत ती खरी असेल किंवा नसेल, आज सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" लिहिताना मी रडले, खोटं कशाला बोलू. माझं वर्ष गेलं आणि लग्नाला येणंही गेलं, सुट्टी मिळणार नाही. पण रडून झाल्यावर खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

आता तुझी पाळी.

तुझी
रजनी

शहागड,
२५ जुलै २००१

चि. रजनी,

गेल्ते. दारापर्यंत गेल्ते. आत मिरचीची फोडणी पडली, मला शिंक आली, परत आले. शिंक म्हणजे अपशकुन. रागावू नको.

झुंबर आत्या

इटली,
९ ऑगस्ट २००१

ती. आत्या,

शिंक म्हणजे फोडणी. मॉडेल बदल. शिंक आली तर शिंकायचं आणि तसंच आत जायचं.

रजनी

शहागड,
१६ सप्टेंबर २००१

चि. रजनी,

तुझं कार्ड तुझ्या मामांनी मोठ्यानं वाचलं अन् पहिल्यांदाच जेवणाच्या ताटावरून हसले. मंग मात्र मी पदर खोचला अन् गेले.

तुळजाबाई शेंगा फोडत बसली व्हती. बस म्हणली न्हाई, ऊठ म्हणली न्हाई. मी सुरुवात केली की जाऊबाई, तुमच्या उखळाचा मला उगंच संशय आल्ता. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या.

"झुंबर, उखळ तर वाटणीत तुझ्या वाट्याला गेलं. माझ्याकडं मिक्सर हाये."

रजनी, खरंच की गं. उखळ माझ्याच न्हाणीजवळ पडलेलं, त्यावर मी रोज बादली ठेवती. इतके दिवस हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. पण खरी मौज पुढंच. तिच्या घरात आवाज येतो तो माझ्याकडून येतो. वर्षभर तिला वाटत व्हतं की उखळ मिळालं म्हणून ही बया मला ऐकवून ऐकवून कुटती. मी शेतात दिसले तरी तिला वाटायचं, नवऱ्याला बसवून आली असंल. तुझे मामा अन् उखळ! आम्ही दोघी अशा हसलो की तिची सून घाबरून बाहेर आली. हसता हसता मला रडू आलं. तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं, मी फोडू लागले. त्या वितीचं नाव दोघींनीही काढलं न्हाई.

दुसऱ्याच दिवशी भिंत तेवढी पाडली अन् पेवाचं तोंड उघडलं. जुन्या पेवात कोंडलेली हवा वाईट असती, माणूस उतरला की जातो, म्हणून ते तसंच उघडं ठेवलं, कंदील सोडून पाह्यला, तो विझला न्हाई तवा गजानन उतरला. सोन्याचा हंडा निघंल म्हणून अर्धं गाव जमलं. निघाला मूठभर काळा भुसा अन् जुन्या ज्वारीचा आंबूस वास.

तातेराव भुजंगरावांना घेऊन आला. ते लांबच उभे. तुळजाबाई पुढं झाली अन् म्हणली, पाव्हणं, या घराखाली काय हाये ते मी तिच्या शेजारी राहून तुम्हाला सांगती, माझ्यापेक्षा तिचं वाईट सांगणारं दुसरं कुणी न्हाई या गावात. मंग ते कडेला आले. तिकडं सडकेवर ट्रक आदळला, इकडं पेवाच्या तोंडातून घूंऽऽ निघालं. भुजंगराव दचकले, मंग पालथे पडून पेवात डोकं घालून ओरडले, "कोण हाये रे?" पेवानं त्यांनाच विचारलं, कोण हाये रे. दोन-तीनदा ओरडून पाह्यलं त्यांनी, लहान लेकरासारखं. उठले, धोतर झटकलं अन् म्हणले,

"ह्यो कशाचा ज्वालामुखी. ह्यो तर ज्वारीमुखी!"

सुपारी तिथंच पेवाच्या तोंडावर फुटली. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरलीय. गजानन काल चार भाकरी जेवला.

झुंबर आत्या

शहागड,
२३ डिसेंबर २००१

चि. रजनी,

अनेक आशीर्वाद. मार्चपासूनचे समदे एकदम देते, मोजून घे.

लग्न थाटात झालं. तुझ्याबिगर नाचायला कमी पडलं, पण तुझ्या मामांनी ती कसर भरून काढली, कुणाला पटणार न्हाई. हळदीचं जातं तुळजाबाईनं अन् मी मिळून ओढलं. तू पाठवलेला नवा लेख लग्नाला आलेल्या तुझ्या दादानं वाचून सांगितला. मॉडेलच कसं फसवतं यावरच सरांनी तुला लिहायला लावलं म्हणे. चांगलं झालं. डोंगराच्या पोटात काय हाये ते सांगता येत न्हाई असं छापून द्यायलाही शिकावं लागतं, एवढं मला कळलं. पुढच्या वर्षी ये, तवा डॉक्टर व्हऊन ये.

पेव मुरमानं भरून चोपून टाकलं. आता ट्रक आदळला तरी आमचा कप हालत न्हाई. भिंत पाडली तिथं पुन्हा बांधली न्हाई, खर्च कशाला, दार ठेवून दिलं.

परवा आमची नंदा, नवी सून, मागून आली अन् तिनं माझे डोळे झाकले. गजाननानं तिला समदं सांगितलेलं. म्हणली, आत्याबाई, आवाज कुठून आला सांगा. मी म्हणलं, भिंतीकडून. कोण हाये? म्हणलं, तुळजाबाई. पोरगी हसायला लागली अन् तिनं हात काढले.

तर दारात खरंच तुळजाबाई उभी, पदरात मिरच्या घेऊन. मिक्सर बिघडला व्हता, उखळ मागायला आल्ती.

तुझ्या सरांना कळव, माझं मॉडेल एकदा तरी बराबर निघालं. मिरच्या दोघींनी मिळून कुटल्या. आवाज परतूरपर्यंत गेला असंल.

तुझी
झुंबर आत्या